घाटातल्या ब्रेकसाठी जाळीची नळी: ब्रेडेड लाइन कशी निवडावी

कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याच्या उताराला लागलं, की पुढचा ब्रेक किती खरा आहे ते पहिल्या काही वळणांतच कळतं. लिव्हर ओढली तर आधी मऊ लागते, आणखी ओढावी लागते, आणि मग कुठे डिस्क धरते. आंबोलीच्या उतारावर, तिलारीच्या उभ्या घाटात, निपाणीजवळ तवंदी घाटात ट्रकांच्या मागे, सगळीकडे तेच. गाडी जुनी झालेली, पॅड बदललेले आणि तरीही ब्रेक मऊ, असं झालं की कुणीतरी सांगतंच, "स्टीलच्या जाळीची नळी घाल." सल्ला चांगला आहे. पण कोणती नळी, किती लांब, टोकाला कोणता कोन, बोल्टला कोणते आटे, हे बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. आणि चुकीची जाळीची नळी ही जुन्या रबरी नळीपेक्षा जास्त धोक्याची असते. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या, ब्रेकच्या नळीकडे आजवर कधी वाकून पाहिलेलं नाही अशा चालकांसाठी हे सविस्तर लिहितोय.

नळीत घडतं काय

लिव्हर दाबली की मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे हँडलवर लिव्हरपाशी असलेल्या ऑइलच्या भांड्याखालचा, पिस्टन ब्रेक ऑइलवर दाब देतो. हा दाब नळीतून चाकापाशी डिस्कवर बसलेल्या कॅलिपरपर्यंत जातो आणि त्यातले पॅड डिस्कला चिकटतात. पॅड आणि डिस्क यांच्यामधली फट अगदी बारीक असते, त्यामुळे हलवायचं ऑइलही थोडंसंच असतं. रबरी नळी दाबाखाली किंचित फुगते. नवी असताना हे फुगणं जाणवत नाही. वर्षं गेली, ऊन-पाऊस लागला, की रबर सैल होतं आणि लिव्हरची बरीचशी ओढ नळी फुगवण्यातच खर्च होते. जाळीच्या नळीत आत टेफ्लॉनची म्हणजे पीटीएफईची बारीक नळी असते आणि तिच्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारांची विणलेली जाळी. ती जाळी आतल्या नळीला फुगू देत नाही, म्हणून बोटांची ओढ सरळ पॅडपर्यंत पोचते.

यातून गाडी कमी अंतरात थांबेलच, असं मानू नका. ब्रेकची ताकद मास्टर सिलिंडर, कॅलिपर आणि पॅड ठरवतात. रस्त्यावरची पकड टायर ठरवतो. नळीमुळे मिळते ती जाणीव: किती दाबलं, किती धरलं हे हाताला नीट कळतं. ओल्या घाटात ती जाणीव फार मोलाची आहे, पण कुणी "नळी बदला, ब्रेक दुप्पट होतील" म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

आधी हे तपासा

माझं स्पष्ट मत आहे की निम्म्याहून अधिक मऊ ब्रेक नळीमुळे नसतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. ताज्या डॉट 4 (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शिरलेल्या अवस्थेत मानकाची अट 155 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक लावत उतरलं की कॅलिपर तापतो, ऑइलमधल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. लिव्हर हँडलला टेकते, गाडी धावतच राहते. ही वाफ जाळीची नळी घालून थांबत नाही. ती थांबते ताज्या ऑइलने आणि खालच्या गिअरमध्ये उतरण्याच्या सवयीने. जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हवा कशी ओलीचिंब असते ते तुम्हाला सांगायला नको. कंपन्यांच्या पुस्तिकेत ऑइल साधारण दर 2 वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. या भागात ते त्याहून लांबवू नका.

तेव्हा पहिल्यांदा ऑइल बदला, ब्रेकच्या नळीतली हवा नीट काढा, पॅडची जाडी बघा, डिस्क वाकलेली नाही ना ते बघा. मग नळी. बांजोच्या (नळीच्या टोकाच्या गोल कडीच्या) गळ्याशी, म्हणजे जिथे रबर धातूच्या टोकात शिरतं तिथे, नळी हलकेच वाकवून बघा. बारीक भेगा, ओलसर डाग, कुठे फुगवटा दिसला तर नळी संपली. एक लपलेला दोषही असतो: आतलं रबर फुगून वाट अडवतं. मग लिव्हर सोडली तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही, चाक घासत राहतं, डिस्क विनाकारण तापते. अनेक जपानी कंपन्यांच्या पुस्तिकेत रबरी नळी दर 4 वर्षांनी बदलायला सांगतात. आपल्याकडे दहा-दहा वर्षांच्या गाड्या मूळ नळीवर चालताना दिसतात, आणि त्याच गाड्यांवर दोघं-तिघं बसून शनिवारी गोव्याला उतरतात. ही गोष्ट मला खरोखर अस्वस्थ करते.

रोजचं जाणं-येणं गावातल्या गावात असेल, तर कंपनीची नवी रबरी नळी पुरेशी आहे. ती स्वस्त असते, मापात असते, आणि लगेच बसते. घाट वारंवार होत असेल, गाडी वजनदार असेल, किंवा हँडल उंच केल्यामुळे मूळ नळी पुरतच नसेल, तर जाळीची नळी घेण्यात अर्थ आहे.

पहिली पायरी: नळ्या किती ते मोजा

मागे ड्रम असेल तर तिथे नळीच नाही. तिकडचा विचार सोडा. पुढे एक डिस्क आणि एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही, तर वरून खाली एकच नळी. दोन डिस्क असतील तर कधी एक नळी खाली येऊन दोन फाट्यांत विभागलेली असते, कधी मास्टर सिलिंडरपासूनच दोन स्वतंत्र नळ्या निघतात. दुसऱ्या पद्धतीत वरचा बांजो बोल्ट लांब लागतो आणि वायसर दोनाऐवजी तीन.

एबीएस असेल तर काम वाढतं. भारतात 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे अलीकडची गाडी असेल तर ही शक्यता धरूनच चाला. एबीएसमध्ये मास्टर सिलिंडरपासून मॉड्युलेटरपर्यंत (ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एबीएसचा डबा) एक आणि मॉड्युलेटरपासून कॅलिपरपर्यंत दुसरी, असा प्रवास असतो. पुढे-मागे दोन्हीकडे एबीएस असेल तर एकूण चार तुकडे, त्यातले काही धातूच्या कडक पाइपचे. नवख्याने अशा गाडीला फक्त तिच्या मॉडेलसाठी बनवलेला पूर्ण संच घ्यावा. तुकडे जुळवत बसू नये. मॉड्युलेटरकडची टोकं कॅलिपरकडच्या टोकांपेक्षा वेगळी असू शकतात.

दुसरी पायरी: लांबी

हँडल मूळचंच असेल तर मॉडेलचं नाव आणि वर्ष सांगितलं की काम होतं. हँडल बदललं असेल, रायझर (हँडल उंच करणारे तुकडे) घातले असतील, तर स्वतः मोजावं लागेल, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

गाडी मुख्य स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक जमिनीपासून उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण लांबेल. खाली दगड लावून भागवू नका; गाडी घसरून अंगावर येऊ शकते. एक जाडसर वायर घ्या, सुतळीपेक्षा वायर बरी, कारण ती नळीसारखीच वळते. मास्टर सिलिंडरच्या बोल्टच्या मध्यापासून नळी जिथून जिथून जाते त्या वाटेने, प्रत्येक क्लिपमधून, कॅलिपरच्या बोल्टच्या मध्यापर्यंत ती लावा. आता हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवा, मग उजवीकडे. कुठेही वायर ताणली गेली तर लांबी कमी आहे. मग चाक खाली घेऊन शॉकअप दाबा: वायर टायरला, डिस्कला किंवा रेडिएटरला टेकली तर लांबी जास्त आहे.

ऑर्डर देताना विक्रेत्याला विचारा की तो माप कुठून कुठे धरतो. काही जण बांजोच्या भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात, काही जण टोकापासून टोकापर्यंत. एवढ्या एका प्रश्नाने नळी परत पाठवायची वेळ टळते.

तिसरी पायरी: बांजोचा कोन

बांजो म्हणजे नळीच्या टोकाची ती गोल कडी, जिच्यातून पोकळ बोल्ट जातो. ही कडी सरळ असते किंवा 20, 45, 90 अशा वेगवेगळ्या अंशांत वाकलेली असते. वाक वर-खाली आहे की बाजूला, हेही बघावं लागतं. जुनी नळी काढण्याआधी दोन्ही टोकांचे बाजूने आणि वरून फोटो काढा. कोन चुकला तर मिस्त्री नळी पिळून बसवतो. रबर ते सहन करतं. टेफ्लॉन सहन करत नाही. टेफ्लॉनची नळी एकदा मोडली, तिला घडी पडली, की ती पुन्हा सरळ दिसली तरी बादच समजायची. काही कंपन्यांचे बांजो फिरवून जुळवता येतात. नवख्यासाठी ती फार मोठी सोय आहे.

चौथी पायरी: आटे

बांजो बोल्ट बहुतेक मोटरसायकलींवर 10 मिलिमीटरचा असतो, पण आटे दोन प्रकारचे: 1.0 आणि 1.25, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये. जपानी धर्तीच्या ब्रेकवर साधारणपणे 1.25 दिसतात, ब्रेम्बो या इटालियन कंपनीच्या ब्रेकवर 1.0. अंदाजावर जाऊ नका, मोजा. बोल्टच्या आट्यांवर पट्टी ठेवा: 10 मिलिमीटरमध्ये 8 आटे भरले तर 1.25, आणि 10 भरले तर 1.0. एवढं सोपं आहे. कोणत्याही लेथवाल्याकडे आट्यांचा गेजही मिळेल, आणि आपल्या भागात लेथ शोधायला लांब जावं लागत नाही.

चुकीचा बोल्ट दोन-तीन आटे सहज जातो आणि मग अडतो. तिथे पान्याने जोर लावला की कॅलिपरच्या ॲल्युमिनियममधले आटे जातात. शंभराच्या बोल्टपायी अख्खा कॅलिपर बदलावा लागतो. बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. नाही फिरला तर थांबा.

पाचवी पायरी: आतलं, मधलं, वरचं

आतली नळी टेफ्लॉनचीच असावी. जाळी स्टेनलेसची असावी. नुसती चकाकी बघून फसू नका. बांजो आणि बोल्ट स्टेनलेसचे घेतलेत तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच पैसे वसूल होतात. ॲल्युमिनियमचे रंगीत बांजो दिसायला छान आणि वजनाला हलके, पण ते मऊ असतात. आमच्या पावसात आणि लाल चिखलात मी ते घेणार नाही.

जाळीवर पारदर्शक किंवा रंगीत आवरण असलेलीच नळी घ्या. उघडी जाळी जिथे घासेल तिथे कानशीसारखी काम करते: आधी रंग जातो, मग मडगार्ड, मग शेजारची वायर कापली जाते. शिवाय खानापूर, जांबोटीकडची लाल माती आणि ऊसतोडीच्या हंगामातला पाचटाचा भुसा उघड्या जाळीत शिरून बसतो आणि तारा आतून झिजवतो. मला तर आवरण पारदर्शकच आवडतं, कारण आत तार तुटली किंवा गंज चढला तर दिसतो.

टोकं कारखान्यात क्रिम्प केलेली असावीत, म्हणजे मशीनने दाबून बसवलेली. घरी पान्याने जोडायचे पेचवाले सांधेही मिळतात. ते अनुभवी हाताचं काम आहे, पहिल्या नळीला नको.

खूण काय बघायची? नळीवर किंवा तिच्या पट्टीवर बनवणाऱ्याचं नाव आणि कोणत्या मानकानुसार तपासली ते लिहिलेलं असावं. अमेरिकेचं एफएमव्हीएसएस 106 हे मानक पाळणाऱ्या नळीवर डॉट ही अक्षरं असतात. त्या मानकात 1/8 इंच किंवा त्याहून बारीक नळीने 7000 पीएसआय दाबापर्यंत फुटता कामा नये अशी अट आहे, आणि नळी सलग 35 तास गरगर फिरवून तिची टोकं टिकतात का हेही तपासतात. ब्रिटनची गुडरिज आणि हेल, स्पेनची गाल्फर, जर्मनीची स्पीग्लर ही या धंद्यातली जुनी नावं. ऑनलाइन "युनिव्हर्सल" म्हणून लाल-निळ्या रंगांत विकली जाणारी, नाव नाही, मानक नाही, अशी नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

उद्यमबागेत बनवून घ्यावी का

हा प्रश्न बेळगावात हमखास येतो, आणि येणं साहजिक आहे. उद्यमबागेत फाउंड्री आहेत, मशीन शॉप आहेत, हायड्रॉलिक्सचं काम तर बेळगावची ओळखच आहे. जेसीबीची किंवा ट्रॅक्टरची हायड्रॉलिक नळी फुटली तर इथे थोड्या वेळात नवी क्रिम्प करून देतात. तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण मोटरसायकलचा ब्रेक तिथल्या नेहमीच्या नळीवर चालवू नका.

कारण रसायनाचं आहे. जेसीबीत खनिज तेल असतं, म्हणून त्या नळीचं आतलं रबर बहुधा नायट्राइलचं असतं. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 ही ब्रेक ऑइलं ग्लायकॉल जातीची. ती नायट्राइलला फुगवतात आणि मऊ करतात. उलट, ब्रेकच्या सिलिंडरमधले सील खनिज तेलाने फुगतात. म्हणजे नळी कापताना किंवा क्रिम्प करताना आत हायड्रॉलिक तेलाचे थोडे थेंब राहिले, तरी मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर या दोन्हींच्या सीलना धोका. नळी दाब सहन करील, पहिले काही आठवडे ब्रेक झकास लागेल, आणि मग लिव्हर अडकू लागेल किंवा खाली जाऊ लागेल.

एखाद्या दुकानात टेफ्लॉनची बारीक नळी, तिच्याच मापाचे फेरूल (टोकावर दाबून बसवायच्या धातूच्या टोप्या) आणि स्टेनलेसचे बांजो असतील, कापणी कोरडी होत असेल आणि बनवलेली नळी तुमच्यासमोर दाबाखाली तपासून देत असतील, तर गोष्ट वेगळी. या सगळ्या गोष्टी विचारा. एकाचंही उत्तर "चालतंय की" असं आलं तर नमस्कार करून निघा. गाडी केए 22 असो, केए 23 असो की शिनोळीपलीकडची एमएच 09, मॉडेलप्रमाणे बनवलेली नळी आता कुरियरने घरी येते. कोल्हापूर-पुण्याला खेपा घालायची गरज उरलेली नाही.

बसवताना

पहिल्यांदाच करत असाल तर निवड तुमची, हात मिस्त्रीचा. पण शेजारी उभे राहा. टाकीवर प्लास्टिक आणि त्यावर ओलं फडकं टाकायला लावा; ब्रेक ऑइल रंग खातं, सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. प्रत्येक बांजोला दोन नवे वायसर (एकाच बोल्टवर दोन बांजो असतील तर तीन), तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. जुने वायसर तापवून किंवा घासून पुन्हा घालू देऊ नका. बोल्ट टॉर्क पान्याने आवळायचा. बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत आकडा 25 ते 35 न्यूटन-मीटरमध्ये असतो. तुमच्या पुस्तिकेतला आकडा धरा, आणि बांजो ॲल्युमिनियमचे असतील तर नळीच्या कंपनीने दिलेला. गाडीवर मूळ नळीसाठी असलेल्या क्लिपमध्ये ही बारीक नळी सैल बसते, म्हणून तिथे रबरी बुश घालून घ्या. नाहीतर ती क्लिप हळूहळू आवरण खाते.

ऑइल नव्या, सीलबंद बाटलीतलं. गॅरेजमध्ये महिनाभर उघडी पडलेली मोठी बाटली नको. लहान बाटली स्वतः विकत घेऊन जा. कोणतं डॉट ते मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 च्या जागी कधीही नाही.

हवा काढायला वेळ द्या. रिकाम्या नव्या नळीत हवा जास्त असते आणि वरच्या बांजोच्या वळणात ती दडून बसते. लिव्हर हळूहळू दाबा, धरा, कॅलिपरवरचं हवा काढायचं निप्पल उघडा, बंद करा, मग सोडा. मास्टर सिलिंडरवरची ऑइलची टाकी रिकामी होऊ देऊ नका. शेवटी थोडी हवा राहिल्यासारखी वाटली तर लिव्हर हँडलला बांधून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा हवा काढा. एबीएसच्या काही गाड्यांना मॉड्युलेटर चालवून हवा काढावी लागते आणि त्याला शोरूमचं यंत्र लागतं. गाडी वॉरंटीत असेल तर आधीच शोरूममध्ये विचारून घ्या.

मग लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरा आणि प्रत्येक बांजोखाली कोरडा पांढरा कागद फिरवा. डाग नको. हँडल दोन्हीकडे वळवून, शॉकअप दाबून नळी कुठे ताणत किंवा घासत नाही ना ते बघा. गाडी ढकलत ब्रेक लावा, मग रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात. एबीएस नसेल तर ही पायरी फार महत्त्वाची: इतकी वर्षं बोटांना जितकं ओढायची सवय आहे, तितकं आता ओढलं तर पुढचं चाक आधी लॉक होईल. कोरड्या रस्त्यावर हाताला नवं माप शिकवल्याशिवाय पावसात घाट उतरू नका.

दोन-तीन दिवसांनी वायसरांपाशी ओल आहे का ते पुन्हा बघा. त्यानंतर दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा. आवरण फाटलं, तारेचं टोक बाहेर आलं, बांजोच्या गळ्याशी ऑइलचा वास आला, तर ही नळीही बदलायची. आणि काढलेली जुनी रबरी नळी मधोमध कापूनच भंगारात द्या, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या गाडीवर चढणार नाही.